घरातली तेलुगू बंद करू नका

‘घरात तेलुगू किंवा कन्नड, बाहेर मराठी, म्हणूनच मूल उशिरा बोलतं, एकच भाषा ठेवा,’ असा सल्ला सोलापुरात पालकांमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे. दोन भाषांमुळे भाषादोष, म्हणजे भाषा शिकण्यातलीच मूळ अडचण, होत नाही. एकभाषिक मुलांतही तो आढळतोच. खरा दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. फक्त मराठीच अडखळत असेल, तर बहुधा ती कानावर कमी पडली आहे. भाषांची सरमिसळही आजार नव्हे. दोन वर्षांच्या मुलाचे शब्द मोजताना तेलुगू ‘नीळ्ळु’ आणि मराठी ‘पाणी’ दोन्ही धरा. तरीही 50 होत नसतील किंवा मूल दोन शब्द जोडत नसेल, तर वाट पाहू नका: आधी कानांची तपासणी, मग वाचा-उपचारतज्ज्ञ. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजींना मात्र कृपया गप्प करू नका.