रेसिंग कारचा सातबारा

काल कोल्हापुरात, उद्यमनगरात एका लेथच्या शॉपमध्ये, मला उलट्या ऑइलच्या डब्यावर बसवून एका माणसानं माझं आधार कार्ड मागितलं. वर विचारलं, "कुठल्या ब्यांकेचं वसुलीवालं म्हनायचं तुमी?" आणि हा माणूस शॉपचा मालक नाही, कामगार नाही, शेजारीही नाही. त्याचा संबंध एवढाच, की त्याच्या रसवंतीच्या घाण्याचा गिअर तुटला होता आणि तो करून घ्यायला तो सकाळपासून तिथं बसला होता. मी ज्याला भेटायला गेलो होतो ते मिस्त्री लेथवर वाकलेले, कानात कापूस, वर बघायलाही तयार नाहीत. म्हणजे स्वागत-कक्ष पूर्णपणे रसवंतीवाल्याच्या ताब्यात.

मी तिथं का गेलो, ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझ्या मेव्हण्यानं जुनी रेसिंग कार घेतलीय. कार म्हणजे पाइप वेल्ड करून केलेला सांगाडा, त्यावर पत्र्याचं नाक, एका माणसापुरती सीट, तीन चाकं. इंजिन नाही. विकणाऱ्यानं सांगितलं की पूर्वी फियाट अकराशेचं इंजिन होतं, गाडी शोलावरमच्या रेसमध्ये पळालीय आणि कोल्हापूरच्या कुणाची तरी होती. 'कुणाची तरी' म्हणजे कुणाची, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी इतिहासात एमए आहे आणि हे दुर्दैवानं लग्नपत्रिकेत छापलं होतं. तेव्हापासून सासरच्या लोकांना घरातली जुनी भांडी, जुनी नाणी, जुना वाद, काहीही सापडलं की, "दाजींना विचारा."

आता साध्या जुन्या गाडीचं बरं असतं. आरसी बुक असतं, टॅक्सच्या पावत्या असतात, बीएमसी नाहीतर एमआर असली जुनी अक्षरं नंबरप्लेटवर असतात, निदान सुरुवात कुठून करायची ते कळतं. रेसिंग कार मुळात रस्त्यावर चालवायचीच नसते, म्हणून ती आरटीओत जातच नाही. नंबर नाही, टॅक्स नाही, कसला कागदच नाही. एकानं बांधली, दुसऱ्यानं दोन सीझन पळवली, तिसऱ्याला हातउसने पैसे घेऊन दिली, संपला व्यवहार. त्या काळात मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या धावपट्टीवर रेस व्हायच्या. इकडं मुंबईत जुहूच्या धावपट्टीवरही झाल्या. परदेशी गाड्या आणायची ऐपत राजेरजवाड्यांची, बाकीच्यांनी घरात मिळेल त्यावर भागवलं. आणि मिळायचं काय तर फियाट, कारण ती कुर्ल्यात बनायची. १०८९ सीसीचं इंजिन, ते कापून-घासून फास्ट करायचं, खाली पाइपची चेसिस. असल्या गाड्यांना 'स्पेशल' म्हणायचे. हौशी माणसं होती. फक्त एकानंही कुठं काही लिहून ठेवलं नाही, याचा मला मनापासून राग आहे. रेसच्या प्रोग्रॅमचं पुस्तक छापायचे, त्यात एंट्री लिस्ट असायची. ती पुस्तकं आता कुणाच्या माळ्यावर आहेत ते विचारायला गेलं, की लोक सांगतात, "होती हो, गेल्या दिवाळीला रद्दीत घातली." गेल्या दिवाळीला! पन्नास वर्षं सांभाळली आणि मी यायच्या आधीच्या दिवाळीला घातली.

तर रसवंतीवाला. वय पासष्ट-सत्तर, डोक्यावर टोपी, मांडीवर तो तुटका गिअर टॉवेलात गुंडाळून बाळासारखा घेतलेला.

मी म्हटलं, "वसुलीवाला नाही हो, एका जुन्या रेसिंग गाडीची माहिती काढतोय. तिच्या इंजिनाचे सिलिंडर या शॉपमध्ये बोअर करून घेतले होते म्हणे."

"गाडी कुनाच्या नावावर हाय?"

"तेच तर शोधतोय."

"म्हंजी तुमच्या न्हाई."

"मेव्हण्याची आहे."

"मेव्हन्यानं हप्तं थकीवलं व्हय?"

"काका, हप्ते नाहीत. गाडी जुनी आहे. साठ-पासष्ट सालातली असेल."

"मग त्या वक्ताला थकीवलं असतील. ब्यांका काय सोडत्यात का?"

मी खिशातून आधार कार्ड काढून दाखवलं, आता काय करणार. त्यानं ते हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, फोटो आणि मी जुळतोय का बघितलं, आणि "पुन्याचं हाय" एवढाच शेरा मारून परत दिलं. तो कसा मारला ते लिहून दाखवता येत नाही, कोल्हापूरकर समजून घेतील. साठ वर्षं एकही कागद न दाखवता जी गाडी चार-पाच हात बदलून गेली, तिची नुसती चौकशी करायला मला सरकारी ओळखपत्र लागलं.

मग मी मोबाइलवर गाडीचा फोटो दाखवला. नाकाचा पत्रा आम्ही एका कोपऱ्यात खरवडून बघितला होता. वर केशरी रंग, त्याखाली चंदेरी, त्याखाली गडद हिरवा, आणि हिरव्यावर पांढऱ्या गोलात एका आकड्याचा अर्धा तुकडा, तीन की आठ कळत नाही असा. रसवंतीवाल्यानं फोटो बघितला आणि गिअर बाजूला ठेवला.

"ह्यो तर अर्जुनाचा रथ!"

"काय?"

"आमच्या मंडळाचा वो. गनपतीच्या मिरवनुकीला होता. म्होरं दोन पांढरी घोडी लावल्याली, थर्माकोलची. किसनाला जागा हुईना, एकच शीट. मग किसन चालत गेला."

सारथी पायी आणि योद्धा गाडीत, असा रथ महाभारतात नव्हता, पण केशरी रंगाचा खुलासा मात्र झाला. मी वही काढली. तो आता खुलला होता. गाडी मंडळाला कुणी दिली? तर अमक्याच्या पोरानं, जो पुढं परगावी गेला. त्याला कुणी दिली? तर ते मिस्त्रींच्या वडलांना ठाऊक, ते वारले. आणि इंजिन?

"इंजन आमच्या पाव्हन्याच्या हिरीवर हुतं की. रॉकेलवर चालायचं. आख्खा ऊस भिजवायचं."

मला सांगा, याचं काय करायचं? आपण इंजिनाचा नंबर शोधतोय, आणि इंजिनानं दरम्यानच्या काळात करिअर बदलून शेतीत लक्ष घातलेलं. पण हे हसण्यावारी न्यायचं कारण नाही. भाग बदलत गेले तरी गाडी तीच का, याच प्रश्नावर १९९० साली लंडनच्या हायकोर्टात केस उभी राहिली होती. बेंटलीची एक रेसिंग कार, तिचं नाव 'ओल्ड नंबर वन', १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल मान्सची चोवीस तासांची रेस जिंकलेली. १९३२ला ब्रुकलँड्सच्या रेस-ट्रॅकवर तिचा अपघात झाला, त्यात ड्रायव्हर क्लाइव्ह डनफी गेला, गाडी पुन्हा बांधली गेली. पुढं ती एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं, तर घेणारा म्हणाला, ही खरी नव्हेच. हिशेब मांडला तेव्हा १९३०च्या गाडीतलं पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं केसिंग आणि स्टिअरिंग कॉलम एवढंच शिल्लक निघालं. तरी न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की हीच ती गाडी, कारण हिचं आयुष्य मधे कुठं तुटलेलं नाही. वाचून मला भरून आलं होतं. फक्त त्या आयुष्यात थर्माकोलची घोडी आणि विहीर नव्हती.

नाही म्हणायला तिकडंही असली नाटकं असतात. फेरारी २५० जीटीओ, जिच्यातली एक २०१८ साली लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली, त्याच मॉडेलची दुसरी एक टेक्सासमधल्या शाळेला देणगी म्हणून मिळाली होती, पोरांना गाडीची कामं शिकवायला. १९७२ साली शाळेनं साडेसहा हजार डॉलरला विकून टाकली, मग ती कित्येक वर्षं ओहायोत उघड्या ट्रेलरवर पावसात उभी. फरक इतकाच, की तिकडं हे सगळं शोधणाऱ्या माणसाला पैसे देतात. मला मेव्हण्यानं एसटीचं तिकीटसुद्धा 'नंतर बघू' म्हणून सांगितलंय.

शिवाय त्याला पाहिजे काय, तर ती नवीन व्हीए सिरीजची नंबरप्लेट. २०२१ला केंद्राचा नियम आला, पन्नास वर्षांवरची गाडी असेल तर वीस हजार भरा, दहा वर्षांसाठी व्हिंटेजची नोंदणी घ्या. ठीक. पण त्याच नियमात लिहिलंय की गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार केलेले चालणार नाहीत. अरे, ही गाडी म्हणजेच फेरफार! तो फेरफार सोडला तर उरतो पाइप. हे मी त्याला नीट समजावून सांगितलं, त्यावर तो म्हणाला, "दाजी, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता."

असो. उद्यमनगरात शेवटी मिस्त्रींनी लेथ बंद केलं, कानातला कापूस काढला, आणि मी पुढं सरकून विचारणार, एवढ्यात रसवंतीवाल्यानंच माझी ओळख करून दिली, "हे पुन्याचं वसुलीवालं. चांगलं हाईत." मिस्त्री गप्पच झाले. वसुलीवाल्यासमोर कोण तोंड उघडणार? वडलांच्या वह्या आहेत का, विचारलं तर म्हणाले, "आमच्याकडं काय बी लिहून ठेवत न्हाईत साहेब, सगळं रोखीत." झालं. एकच माणूस उरला होता ज्याच्याकडं कदाचित त्या गाडीच्या इंजिनाचं माप, नाव, साल असलं काही असेल, त्याला आता जीएसटीची शंका यायला लागली.

आणि एवढ्यावर भागलं नाही. गिअर तयार झाल्यावर रसवंतीवाल्यानं घाण्याचा एक लोखंडी रूळ कोपऱ्यातून ओढला आणि म्हणाला, "पावनं, धरा की एक बाजू, टमटमपत्तुर." मी धरली. आता सकाळपासून कंबर धरलीय, आणि पँटला ऑइलचा जो गोल डाग पडलाय तो जात नाही. चहाचे पैसे मीच दिले, त्याचे, मिस्त्रींचे आणि टमटमवाल्याचेही, टमटमवाल्याचे का दिले ते मला अजून कळलेलं नाही.

घरी येऊन मेव्हण्याला सगळं सांगितलं. त्याला रथ आवडला नाही. विहीर तर अजिबात नाही. म्हणाला, "रथाऐवजी 'राजघराण्याकडे होती' असं लिहिता येईल का? कोल्हापूरच आहे ना." हा रोग मला माहितीय. या देशात भंगारात निघालेली प्रत्येक जुनी गाडी कुठल्या ना कुठल्या महाराजांची असते. कोल्हापूरच्या राजघराण्याची मेबॅक नावाची जुनी जर्मन गाडी आहे, ती दरवर्षी दसऱ्याला दिमाखात निघते, अख्खं गाव बघतं, तिला इतिहासकार लावावा लागत नाही. पण म्हणून उद्यमनगरात शिवलेल्या पाइपलाही राजवाडा चिकटवायचा? मी सांगितलं, लिहीन तर मंडळाचा रथ लिहीन, नाहीतर काहीच लिहिणार नाही. त्यानं फोन ठेवला.

आज दुपारी रसवंतीवाल्याचा फोन आला. नंबर मी दिलेला नव्हता, बहुतेक मिस्त्रींच्या चिठ्ठीवरून घेतला असेल. म्हणाला, पाव्हण्याशी बोललो, इंजिन अजून विहिरीच्या कडेला झाकून ठेवलंय, चाळीस हजार सांगतोय, पंप त्यातच. नंबर दिसतो का विचारलं, तर म्हणे चिखल वाळलाय, घासून बघायला लागेल. मी मेव्हण्याला कळवलं आणि बजावलं, आता तूच जा.

तर म्हणतो, "दाजी, मी जाऊन काय उपयोग? तिथं तुम्हाला ओळखतात."