दंड लावून झोप थांबते का?

म्हापशातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आज सकाळी एक फोटो आला. बंद शटरसमोर पायरीवर अंग चोरून झोपलेला माणूस, आणि खाली मजकूर : "दंड लावल्याशिवाय हे भायले सुधारायचे नाहीत." भायले म्हणजे बाहेरून आलेले. त्यावर धडाधड अंगठे. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

खोलीचं भाडं ज्याला झेपत नाही, तो दंड कुठून भरणार?

आपल्या इमारतीत फरशी बसवणारे मामा आठवतात? गदगकडचे. साइटवरच राहायचे. आज माझा हॉल आहे तिथे त्यांची चटई आणि स्टोव्ह असायचा. काम संपलं, ठेकेदाराने सगळ्यांना बाहेर काढलं. पुढे मामा दिसले ते बसस्टँडवर, पिशवी उशाला घेऊन. म्हणाले, "रात्री उठवतात, ताई. मग उजाडेपर्यंत फिरत राहतो." आणि सकाळी पुन्हा नाक्यावर कामासाठी उभे!

एकाने लगेच अमेरिकेचा दाखला दिला. हो, ओरेगॉनमधल्या ग्रँट्स पास गावात उघड्यावर पांघरूण घेऊन झोपलं की २९५ डॉलर दंड होता, आणि २८ जून २०२४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी असे दंड चालतील म्हटलं. म्हणून आपणही तेच करायचं? मुंबईचा १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा दिल्लीतही लागू होता. त्यात पोटापाण्याचं साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी नुसतं थांबणंसुद्धा भीक मागण्यातच धरलेलं, आणि शिक्षा एक ते तीन वर्षं डांबून ठेवण्याची. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथे ती कलमं रद्द केली. आपल्या गोव्यातही १९७२ चा भीक प्रतिबंधक कायदा आहेच. मामांनी तर कधी कुणापुढे हातही पसरला नाही.

मान्य, सकाळी पायरी धुवावी लागते ती दुकानदाराला. तो त्रास खरा आहे.

पण 'भायले' लिहिणाऱ्यांनो, तुमच्या बाथरूमची फरशीसुद्धा मामांनीच बसवलीय. गुडघे सोलवटून. तेव्हा ते चालले ना तुम्हाला?

असो. तुम्ही दुष्ट नाही, हे मला ठाऊक आहे. लॉकडाऊनमध्ये शेजारच्या साइटवर डबे पोचवणारे तुम्हीच होता. म्हणून तर जास्त लागलं.

केंद्राच्या शहरी बेघरांच्या योजनेत लाख वस्तीमागे शंभर जणांच्या निवाऱ्याचा हिशेब धरलेला. म्हणजे चाळीसेक हजार वस्तीच्या म्हापशाला चाळीसेक जणांची सोय पुरेल. बाजाराजवळ, कारण काम तिथेच मिळतं. पालिकेला द्यायचं निवेदन मी आज रात्री लिहून काढते. सही करणाऱ्यांनी खाली नाव टाका. फोटो टाकणाऱ्यांनीसुद्धा.