घर गहाण आहे, मग घरात राहायची लाज कसली?

शिकलेला, नोकरीला लागलेला, तिशीकडे झुकलेला मुलगा आई-बाबांच्या घरीच राहून शैक्षणिक कर्जाचे हप्ते भरतो आहे. हे बरं की वाईट? गोव्यात आमच्या नात्यागोत्यात यावर सरळ दोन तट पडलेत. चवथीला सगळे जमले की विषय निघतोच. तरुण मंडळी म्हणतात, पंचविशीनंतर स्वतःचं बिऱ्हाड हवं, त्याशिवाय माणूस मोठा होत नाही. परदेशात बघा, अठराव्या वर्षी मुलं घर सोडतात. थोरले म्हणतात, आपल्यात असं नसतं, आई-बापाच्या घरात कसला हिशेब? माझा धाकटा भाऊ या दोघांच्या मधे सापडलाय. तो इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करून परतला, पणजीत नोकरी करतो आणि रोज डिचोलीहून जाऊन-येऊन असतो. मी मँचेस्टरला राहते, म्हणून ‘तिकडे कसं असतं ते तू सांग’ असं म्हणून साक्षीला मला उभं केलं जातं. तर ही माझी साक्ष.

अठराव्या वर्षी घर सोडतात हे अर्धंच खरं. शिकायला बाहेर पडतात आणि पुष्कळ जण शिकून घरी परततात. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 49 लाख सज्ञान मुलं आई-वडिलांबरोबर राहत होती; दहा वर्षांपूर्वी ती 42 लाख होती. ज्या पोर्तुगालचा दिवाणी कायदा आपण गोव्यात अजून पाळतो, तिथे 2021 मध्ये मुलं सरासरी 33.6 व्या वर्षी घराबाहेर पडत होती. स्वीडनमध्ये मात्र 19 व्या. म्हणजे ज्याला जे सिद्ध करायचंय त्याने तो देश निवडावा. ‘परदेशात’ नावाचं एकच एक गाव कुठे नाही.

माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण स्टॉकपोर्टला आईकडे राहते. तिच्या घरच्या फ्रिजवर आईच्या हातचा एक कागद चिकटवलेला आहे. डाव्या बाजूला वीज, गॅस, कौन्सिल टॅक्स म्हणजे तिकडची घरपट्टी, किराणा. समोर प्रत्येक खर्चातला मुलीचा महिन्याचा वाटा. खाली कामं: गुरुवार-शुक्रवारचा स्वयंपाक मुलीकडे, बाथरूम मुलीकडे, कुत्र्याला फिरवणं आलटून-पालटून. पगार झाला की मुलगी पैसे आईच्या खात्यात टाकते. यात कुणी रुसत नाही, कुणाचा अपमान होत नाही. शनिवारी दोघी हातात हात घालून बाजारात जाताना मी पाहिल्या आहेत. पैशाचं बोललं की माया आटते, ही आपल्याकडची भीती मला तेव्हापासून पटेनाशी झाली.

पण तिचं उदाहरण जसंच्या तसं डिचोलीला नेता येत नाही, कारण तिचं कर्ज आणि माझ्या भावाचं कर्ज यांची जातकुळीच वेगळी. तिचं कर्ज सरकारी. त्यावर आईची सही नाही, घर तारण नाही. 2012 ते 2023 च्या दरम्यान इंग्लंडमध्ये पदवीला गेलेल्या मुलांना पगाराच्या ठरलेल्या मर्यादेवर जे मिळेल त्याच्या 9 टक्के द्यावे लागतात, तेही पगारातूनच परस्पर कापले जातात. नोकरी गेली की हप्ता थांबतो. 30 वर्षांत फिटलं नाही तर उरलेलं माफ. त्यानंतरच्या मुलांसाठी ही मुदत 40 वर्षांची केलीय, तरी कर्ज त्या मुलापुरतंच राहतं. आपण भारतातून शिकायला गेलो की यातलं काही आपल्याला मिळत नाही. आपल्याला आपली बँक गाठावी लागते. तिथे आई किंवा बाबा सहकर्जदार असतात आणि साडेसात लाखांच्या वर रक्कम गेली की बहुतेक वेळा तारण मागतात. व्याज शिकत असतानाच चढायला लागतं.

आणि गोव्यात तारण देणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर, अजून आजोबांचं नाव. आजोबा गेल्यानंतर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी, झालेली नसते, त्यामुळे काका, आत्या, मुंबईची चुलत भावंडं, सगळ्यांचा घरात वाटा. घर मुंडकारीतलं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर त्याच्या संमतीने वसलेलं, असेल तर आणखी वेगळे कागद. आमच्याकडे बाबांनी दोन पावसाळे याच कागदांमागे घालवले. शेवटी मामलेदार कचेरी, नोटरी, वकील असं सगळं होऊन बँकेत सह्यांचा दिवस आला. गोव्याच्या कायद्याने, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, लग्न झालं की नवरा-बायको दोघंही मिळकतीचे सारखे मालक, तेव्हा आईची सही लागणारच. ‘तुम्ही इथे, इथे आणि इथे’ असं म्हणत बँकेतल्या माणसाने कागद पुढे सरकवले. आईने सह्या केल्या. त्या कागदांत काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवलं नाही, आणि मला याचा राग अजून आहे.

आता मला सांगा, ज्या घराच्या जिवावर हे कर्ज उभं आहे, त्याच घरात राहून ते फेडण्यात परावलंबन कुठून आलं? गणित साधं आहे. समजा 20 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे 26,400 रुपये, आणि व्याज होतं पावणेबारा लाखांच्या आसपास. पाच वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे 42,500, आणि व्याज साडेपाच लाख. फरक महिन्याला सोळा हजारांचा. पर्वरीत किंवा पणजीत बिऱ्हाड केलं तर एवढे पैसे भाड्यात सहज जातात, वर जेवणखाण वेगळं. भाऊ घरी राहतो म्हणून आई-बाबांचं घर पाच वर्षं आधी मोकळं होतं आणि सहा लाखांहून अधिक वाचतात. स्वतःच्या पायावर उभं राहणं ते हेच. भाड्याच्या खोलीची चावी खिशात असली आणि बाबांचं घर आणखी पाच वर्षं बँकेत अडकून पडलं, तर त्याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही.

म्हणून तरुणांचा मुद्दा मला मान्य नाही. पण थोरल्यांचा तर त्याहून मान्य नाही. ‘आपल्यात हिशेब नसतो’ म्हणताना हिशेब कुणाचा राहून जातो ते बघा. भाऊ सात वाजता बस पकडतो म्हणजे आई पाचला उठते. डबा, कपडे, रात्री उशिरा गरम करून वाढलेलं हुमण आणि भात. बाबा निवृत्त झालेत, विजेचं बिल त्यांच्या पेन्शनमधून जातं. हप्ता भावाच्या नावावर दिसतो, पण त्यातला मोठा भाग आईच्या कष्टाने भरला जातोय आणि तो कुठल्याच पासबुकात उमटत नाही. मी फोनवर हे बोलले तेव्हा आई म्हणाली, ‘पोटच्या पोराकडून खानावळीचे पैसे घेऊ?’ नको घेऊस. पण किराणा आणि वीज त्याने भरावी, रविवारचा स्वयंपाक आणि मासळी त्याने करावी, कर्जाची शिल्लक दर महिन्याला बाबांना दाखवावी. हे आता आमच्याकडे सुरू झालंय. मासळी साफ करायला तो अजून आईलाच हाक मारतो, यावर आमची भांडणं चालू आहेत.

या सगळ्या वादात एक गोष्ट मला सलते. बोलणं कायम मुलाचं होतं. कर्ज काढून शिकलेली, नोकरी करणारी मुलगी घरी राहते, तिला कुणी विचारत नाही की तू स्वावलंबी कधी होणार. तिला विचारतात, लग्न कधी. माझ्या एका मावसबहिणीच्या लग्नाच्या बोलणीत मुलाकडच्यांनी स्पष्ट विचारलं, हप्ते लग्नानंतर कोण भरणार? ती म्हणाली, मीच. बोलणी तिथेच थांबली. तिच्या कर्जासाठी तिच्या आई-वडिलांचं घर तारण आहे, आणि आपल्या गोव्याच्या कायद्याने आई-बापाच्या मिळकतीतला अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो, त्यात मुलगा-मुलगी सारखेच. माहेरच्या घरावरचं कर्ज फेडणं हा तिचा हक्कही आहे आणि जबाबदारीही. नवरा मिळाला म्हणून ती संपत नाही. ज्यांना मुलींना शिकवल्याचा अभिमान आहे त्यांनी बोलणीला बसण्याआधी हे मनाशी पक्कं करावं.

सरकारनेही थोडा भार उचलावा, आणि गोव्यात तो काही प्रमाणात उचललाही जातो: शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना आहे. घरात बारावीचं मूल असेल तर बँकेची पायरी चढण्याआधी तिथे चौकशी करा.

आणि ज्यांचा शेवटचा हप्ता जवळ आलाय त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. पूर्ण फेड झाल्यावर मिळकतीचे मूळ कागद 30 दिवसांत परत करायचे, उशीर केला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. तारीख लिहून ठेवा, पोच घ्या. कागद आणायला आईला बरोबर न्या, आणि या वेळी काऊंटरवरच तिला प्रत्येक पान वाचून दाखवा.