मावशी लोभी नव्हती

आज सकाळी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली, एका रिटायर्ड गृहस्थांना बक्षिसाच्या नावाखाली गंडवल्याची. खाली पहिलीच प्रतिक्रिया, "लालच बुरी बला". दुसरी, "ह्या वयात कार कशाला हवी होती?" मग हसऱ्या तोंडांची रांग. पोह्यांचा घास तोंडात होता आणि डोकं सटकलं, म्हणून लिहितेय.

स्पष्टच सांगते, असं हसणारी माणसं त्या चोरांचं अर्धं काम फुकटात करून देतात.

माझी मावशी इंदूरला, राजेंद्रनगरात राहते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, भाजीवाल्याशी दोन रुपयांचाही हिशेब सोडत नाही. तिच्या घरी टपालाने एक जाड पाकीट आलं. ज्या कंपनीकडून ती खरोखर कुकरची रिंग नि गाऊन मागवते, तिचंच नाव वर छापलेलं. मावशीचं पूर्ण नाव, पत्ता, मोबाईल, सगळं बरोबर. आत चकचकीत स्क्रॅच कार्ड. रुपयाच्या नाण्याने खरवडलं, खाली निघाली कार. कार नको असेल तर रोख साडेबारा लाख.

"पण त्यांना पत्ता कसा कळला?" अहो, पार्सलचा खोका आपण लेबलासकट कचऱ्यात टाकतो. नाव-नंबरच्या याद्या विकल्या जातात ते वेगळंच. आणि त्या कार्डात कार न निघण्याची सोयच नसते. सगळ्यांनाच निघते.

फोनवरचा मुलगा साखरेत घोळलेला. "माताजी, बधाई हो!" आधी रजिस्ट्रेशनचे साडेसहा हजार. मग जीएसटी. मग टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा कर. मग रिझर्व्ह बँकेची एनओसी, ना-हरकत पत्र म्हणे! दर वेळी "बस ये आखिरी है, सब रिफंडेबल है", आणि शेवटी न चुकता, "अभी किसी को बताइएगा मत, वरना प्राइज कैंसल."

खरी मेख इथे आहे. दुसऱ्या हप्त्यापासून मावशी कारच्या मागे नव्हतीच. गेलेले साडेसहा हजार सुटावेत म्हणून ती पुढचे भरत होती. ह्याला लोभ म्हणता तुम्ही? काकांना सांगितलं नाही, कारण काका तेच बोलले असते जे तुम्ही आज ग्रुपवर बोललात.

बरं, सुरुवातीला मोह झाला, मान्य. तीही म्हणते. सराफ्याच्या खाऊगल्लीत पोट गच्च भरल्यावर समोर तळलेल्या कंदाचे गरमागरम गराडू आले की नाही म्हणणारा मला दाखवा.

एक गोष्ट मात्र तिच्या गणिती नजरेतून सुटली नव्हती. यूपीआयने पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव आलंच नाही, कुणा बाईचं नाव आलं. मावशीने विचारलंसुद्धा. उत्तर तयार होतं, "वो हमारी अकाउंटेंट मैडम हैं." तिथे शेजारी एक जरी माणूस बसलेला असता ना!

घरातल्या मोठ्यांना एवढं तरी चहा पिता पिता सांगा. रोख बक्षीस दहा हजारांच्या वर असलं तर ३० टक्के कर देणाराच कापतो आणि उरलेले हातात देतो. तुमच्याकडून आधी मागत नाही. रिझर्व्ह बँक तुमचं-आमचं खातं ठेवत नाही, लॉटरीचे पैसे सोडवत नाही. परदेशी लॉटरीसाठी इथून पैसे पाठवणं तर परकीय चलनाच्या फेमा कायद्यानेच मना आहे. पैसे यायचे असतील तर यूपीआय पिन लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. केबीसीच्या नावाने २५ लाखांचा ऑडिओ, वर अमिताभचा फोटो, नंबर +९२ ने सुरू होणारा, तो मेसेज तर सरळ ब्लॉक करा.

आता एखादा सीए येईल आणि सांगेल की बक्षीस वस्तूच्या रूपात असलं तर ताबा मिळायच्या आधी कर भरावा लागू शकतो. हो भिया, लागतो. पण तो सरकारजमा होतो, अकाउंटंट मॅडमच्या यूपीआयवर नाही. आणि मुळात तुम्ही कुठल्या स्पर्धेत भाग घेतला, कुठलं तिकीट काढलं, ते तरी आठवायला हवं की नको?

पुढे काही महिन्यांनी मावशीला पुन्हा फोन. "सायबर सेल से बोल रहे हैं, आपका पैसा मिल गया है, बस फाइल चार्ज भर दीजिए." एकदा फसलेल्याचा नंबर पुढच्या टोळीकडे जातो, तो असा. ह्या वेळी तिने फोन होल्डवर ठेवून मला दुसऱ्या फोनवरून विचारलं. आवाज इतका बारीक झाला होता तिचा, अजून आठवलं की गलबलतं. वर्गात जिच्या नुसत्या खाकरण्याने पोरं गप्प व्हायची, ती बाई.

तेव्हा घरात असं काही कळलं तर "का दिलेस?" नंतर विचारा. आधी विचारा, "कधी दिलेस?" लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा, बँकेला कळवा, cybercrime च्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. पैसे खात्याखात्यांतून फिरत पुढे जातात, वेळेत कळवलं तर मध्येच कुठेतरी गोठवता येतात. मावशीच्या वेळी तेवढा वेळ उरलाच नव्हता. आणि ते कार्ड, पाकीट, चॅट, पैसे पाठवल्याच्या पावत्या, लाज वाटली तरी काही फाडू नका, डिलीट करू नका. मावशीने पाकीट बंबात घातलं होतं.