‘फक्त प्रेम घेऊन या’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

‘सुट्टी घ्या, जग बदला’ असा एक मेसेज गेले काही महिने फिरतोय. हसरी मुलं, कुणाच्या तरी मांडीवर सिंहाचा छावा, आणि खाली ठळक अक्षरांत: परदेशात दोन आठवडे स्वयंसेवा करा. अनुभव नको, फक्त प्रेम घेऊन या. अनाथ मुलांना तुमची गरज आहे. पोरक्या छाव्यांना दूध पाजून सिंह वाचवा. इंग्रजी शिकवून पिढी घडवा. तुमचे पैसे थेट स्थानिकांच्या हातात.

तीनदा आला, तीनदा उडवला. चौथ्यांदा तो भाचीनं पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, फॉर्म भरलाय. अनाथाश्रम निवडलाय. भारी ना?’

भारी नाही. फोनवर पाऊण तास तिला जे सांगितलं ते लिहूनच ठेवते. पाचव्यांदा कुणी पाठवला तर पुन्हा घसा कोरडा करायला नको.

अनाथाश्रमापासूनच सुरू करते, कारण बाकीच्या मुद्द्यांवर निदान हसता तरी येतं. मुळात ही मुलं अनाथ आहेत का? कंबोडियात युनिसेफ आणि तिथल्या सरकारनं मिळून केलेला अभ्यास २०११ साली आला. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथले अनाथाश्रम १५४ वरून २६९ झाले होते आणि त्यांतल्या चारांपैकी जवळपास तीन मुलांचे आई किंवा वडील, कुणीतरी एक हयात होतं. या पाच वर्षांत तिथं ना मोठं युद्ध झालं, ना आईबाप पटापट मरावेत अशी साथ आली. वाढले ते पर्यटक, १४ लाखांवरून २५ लाखांवर.

धंदा साधा आहे. कुणीतरी गरीब गावात जाऊन सांगतं, पोराला शहरात ठेवू, शाळा मिळेल, इंग्रजी येईल, पोटभर जेवेल. आईबाप हो म्हणतात. त्यांच्या जागी असते तर मीही म्हटलं असतं. मग ते पोर पर्यटकांच्या वाटेवरच्या एखाद्या इमारतीत ‘अनाथ’ होऊन बसतं. येणारा पाहुणा राहण्याचे पैसे देतो, जाताना देणगी देतो, घरी पोचल्यावर मित्रांकडून आणखी गोळा करून पाठवतो. अशा संस्थेला मूल घरी परत पाठवणं परवडेल कसं? मूल गेलं की उत्पन्न गेलं. काही ठिकाणी तर मुलांना मुद्दाम हलाखीत ठेवल्याचं उघड झालंय, कारण गुटगुटीत मुलाला देणगी कोण देणार? नेपाळमध्ये बहुतेक अनाथाश्रम काठमांडूचं खोरं, पोखरा, चितवन अशा मोजक्या पर्यटनाच्या भागांत एकवटलेत. दुर्गम डोंगराळ जिल्ह्यांत आईबाप मरतच नाहीत वाटतं.

आता ते ‘फक्त प्रेम’. मेसेजसोबतच्या व्हिडिओत पाहुणी फाटकातून आत येते आणि चार-पाच वर्षांची एक मुलगी धावत येऊन तिच्या कमरेला घट्ट मिठी मारते. भाचीला यावरच भरून आलं होतं. तिला म्हटलं, तू चार वर्षांची असताना घरी कुणी अनोळखी आलं की माझ्या ओढणीआड लपायचीस. मायेची सवय असलेलं मूल आधी लपतं, न्याहाळतं, मग हळूच पुढे येतं. दिसेल त्याला बिलगणं हे सांभाळणारी माणसं सतत बदलत राहिलेल्या, संस्थेत वाढणाऱ्या मुलांमध्ये दिसणारं लक्षण आहे. दर दोन आठवड्यांनी नवी ताई येणार, जीव लावणार, फोटो काढणार, रडत निघून जाणार. ताईला पुन्हा आपलं घर आहे. त्या मुलीला पुढच्या सोमवारी दुसरी ताई.

शिवाय, पोलिस पडताळणी नाही, प्रशिक्षण नाही, असा कुणी परका माणूस तुझ्या शाळेत येऊन पोरांना मांडीवर घ्यायला लागला असता तर? भाची यावर पहिल्यांदा गप्प झाली. वाईट हेतूच्या माणसांनाही हेच उघडं दार दिसतं, हे वेगळं सांगायला नको. ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अशा संस्थांसाठी मुलं गोळा करणं हा गुलामगिरीचाच प्रकार मानला. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही अनाथाश्रमांतल्या या पर्यटनाविरुद्ध ठराव केला. आणि आपल्याकडे मेसेज फिरतोय, हृदयाच्या इमोजीसकट.

छावे. दक्षिण आफ्रिकेत हजारो सिंह पिंजऱ्यांत पैदास केलेले आहेत. बाटलीनं दूध पिणारा छावा सहसा पोरका नसतोच, त्याला आईपासून तोडलेलं असतं, कारण पिल्लू काढून घेतलं की सिंहीण लवकर पुन्हा माजावर येते. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही, त्यामुळे ‘प्रजाती वाचवा’ वगैरे थाप आहे. थोडा मोठा झाला की त्याला पर्यटकांसोबत फिरवतात आणि आयाळ आली की कुंपणात कोंडून केल्या जाणाऱ्या शिकारीसाठी विकतात. उरलेली हाडं परदेशात जायची. २०१७ साली सरकारनंच ८०० सांगाड्यांच्या निर्यातीचा कोटा ठरवला होता. शेवटी २०२१ मध्ये तिथल्या सरकारी तज्ज्ञ समितीनं ही पैदास बंद करण्याची शिफारस केली. म्हणजे तुम्ही ज्याला दूध पाजता, त्याला पोसताय कुणासाठी, ते बघा.

इंग्रजीचं काय सांगायचं. दर पंधरवड्याला नवा शिक्षक, प्रत्येक जण पुन्हा रंग आणि प्राण्यांच्या नावांपासून सुरुवात करणार. एवढ्यानं पिढी घडत असती तर बी.एड. कशाला ठेवलं असतं? आणि पैसे ‘थेट’ स्थानिकांच्या हातात म्हणे. मग मधली कंपनी काय हवेवर जगते?

‘पण मावशी, काहीच न करण्यापेक्षा बरं ना?’ हे येणार होतंच. आणि इथं मला थोडं मागं यावं लागतं.

परदेशी स्वयंसेवक कुठेच कामाचे नसतात असं नाही. कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर हिरव्या कासवांची मोजणी १९५० च्या दशकापासून चालू आहे आणि तिथं बाहेरून आलेल्या माणसांचा खरंच उपयोग होतो. पण काम कसं, तर गडद कपडे घालायचे, पांढरा टॉर्च बंद, लागलाच तर लाल उजेड. अंधारात वाळू तुडवत तासन्‌तास चालायचं. मादी खड्ड्यात अंडी घालू लागली की मागं पालथं पडून, हातमोजा घालून एकेक अंडं मोजायचं, शंभराच्या आसपास भरतात. मग कवचाची लांबी आणि पुढच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची खुणपट्टी. काही रात्री एकही मादी येत नाही. सांगितलं तेवढंच करायचं आणि कासवाला मिठी मारायची नाही. गावातल्याच लोकांना तिथं वाटाड्याचं काम मिळालं, हा त्यातला खरा फायदा.

शिकवण्याचंही तसंच. परदेशी स्वयंसेवक पाठवणारी ब्रिटनची व्हीएसओ ही संस्था १९५८ मध्ये सुरू झाली ती शाळा संपवलेली अठरा वर्षांची पोरं घेऊन. पुढे त्यांनीच तो प्रकार सोडून अनुभवी परिचारिका, शिक्षक, इंजिनिअर पाठवायला सुरुवात केली. अमेरिकी सरकारच्या अशाच संस्थेची, पीस कोअरची मुदत २७ महिने असते, त्यातले पहिले तीन साधारण भाषा आणि प्रशिक्षणात जातात. दोन आठवड्यांत तर जेट लॅगही धड जात नाही.

तर भाचीला म्हटलं, त्या कंपनीला तीनच प्रश्न विचार. या मुलांपैकी किती जणांचे आईबाप हयात आहेत? गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली? माझी पडताळणी कोण करणार? तासाभरात उत्तर आलं. तीनपैकी एकाही प्रश्नाला हात न लावता त्यांनी कळवलं होतं की महिनाअखेरपर्यंत नोंदणी केली तर छाव्यांचा कार्यक्रम मोफत जोडून मिळेल.

फॉर्म तिनं मागे घेतलाय. कासवांकडे जायचं म्हणत होती, पण रात्रभर वाळूत चालायचं असतं हे कळल्यापासून उत्साह जरा ओसरलाय.