फणीतल्या केसातून माणूस परत येत नाही

गेले काही दिवस क्लोनिंगबद्दल, म्हणजे एकाच्या पेशीपासून तीच जनुकं असलेला दुसरा जीव तयार करण्याबद्दल, एक लांबलचक मेसेज फोनवरून फोनवर फिरतो आहे. त्यात लिहिलंय ते असं: डॉली ही क्लोन मेंढी १९९६ मध्ये जन्मली, म्हणजे माणसाचा क्लोनही तेव्हाच तयार झाला आणि तो दडवून ठेवला गेला. २००२ मध्ये पहिली क्लोन मुलगी जन्मल्याचं सिद्ध झालंय. कित्येक नामांकित माणसांच्या जागी आज त्यांचे क्लोन वावरताहेत. क्लोनला आत्मा नसतो, त्यामुळे त्याचे अवयव काढून घ्यायला हरकत नाही. या सगळ्याला विरोध आहे तो फक्त धर्मवाल्यांचा. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: ‘गेलेल्या माणसाचा एक केस जपून ठेवा, विज्ञान त्याला परत आणेल.’

मला हा मेसेज चार जणांनी पाठवला. मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे असं काही आलं की लोक माझ्याकडे धाडतातच. पहिल्या तिघांना मी उत्तर दिलं नाही. चौथा मेसेज माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईंचा होता. त्यांचा मुलगा दीड वर्षापूर्वी अपघातात गेला. मेसेजखाली त्यांनी एका फणीचा फोटो जोडला होता, दात्यांत अडकलेले पाच-सहा केस दिसत होते. सोबत एकच ओळ: “मॅडम, हे चालतील का?”

म्हणून शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते.

नाही, चालत नाहीत. फणीत अडकलेला केस हा मेलेल्या पेशींचा धागा असतो. मुळाशी थोड्या पेशी आल्या असल्या तरी त्या केव्हाच सुकून गेलेल्या असतात. त्यांतून डीएनएचे तुकडे मिळतात आणि ओळख पटवायला ते पुरतात. क्लोनिंगला तुकडे पुरत नाहीत. त्यासाठी पेशीचं अख्खं केंद्रक, म्हणजे जनुकं साठवलेला तिचा गाभा लागतो, आणि शिवाय एका स्त्रीचं ताजं बीजांड. बीजांड म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढा ठिपका. सूक्ष्मदर्शकाखाली एका काचनळीच्या टोकाने तो हलकेच ओढून धरायचा, दुसऱ्या, केसाहून बारीक नळीने त्याची स्वतःची गुणसूत्रं शोषून काढायची, त्या जागी दुसऱ्याची पेशी सोडायची आणि विजेचा सूक्ष्म झटका देऊन दोन्ही एकजीव करायच्या. डॉलीची पद्धत साधारण हीच. जिच्या स्तनाच्या पेशीपासून डॉली झाली ती मेंढी डॉलीच्या जन्माआधीच मेली होती हे खरं आहे. पण तिच्या पेशी प्रयोगशाळेत जिवंत वाढवून मग गोठवून ठेवल्या होत्या.

मग कुणी म्हणेल, अशा पेशी आधीच जपून ठेवल्या असत्या तर? तरीही परत कुणीच आलं नसतं. २००१ च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये जगातलं पहिलं क्लोन मांजर जन्मलं, त्याचं नाव सीसी. जिच्यापासून ते केलं ती मांजरी तिरंगी होती, पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी ठिपके. सीसीच्या अंगावर नारिंगी रंगाचा मागमूस नव्हता. मांजरीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निद्रिस्त होतं, आणि ज्या पेशीतून सीसी आली तिच्यात नारिंगी रंगाचं गुणसूत्र झोपलेलं होतं. जनुकं तीच, पण अंगावरच्या केसांचा रंगसुद्धा जुळला नाही. तिथे माणसाचा स्वभाव, त्याच्या आवडी, आईला हाक मारण्याची त्याची तऱ्हा कुठून जुळणार? शिवाय क्लोनच्या पेशींतली मायटोकाँड्रियाची (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांची) ३७ जनुकं बीजांड देणाऱ्या स्त्रीची असतात. गर्भाशय वेगळं, काळ वेगळा. जन्मेल ते एक नवं बाळ असेल, गेलेल्या मुलाचं उशिरा जन्मलेलं जुळं भावंड.

हे मी त्या बाईंना फोनवर सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्याच्या डोक्यावर दोन भोवरे होते. तेवढे तरी आले असते ना?” मी म्हटलं, त्याचीही खात्री देता येत नाही. एकसारख्या जुळ्यांतसुद्धा कधी कधी एकाचा भोवरा डावीकडे फिरतो, तर दुसऱ्याचा उजवीकडे. मग त्या त्याच्याबद्दल बोलत राहिल्या, मी ऐकत राहिले.

आता बाकीचे दावे.

‘मेंढी झाली, म्हणजे माणूसही झालाच.’ डॉलीसाठी स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत २७७ बीजांडांत केंद्रकं बसवली होती. त्यांतून २९ भ्रूण मेंढ्यांच्या गर्भाशयात सोडण्याजोगे झाले आणि जिवंत जन्मली एकटी डॉली. माकडांत तर याच पद्धतीने यश यायला आणखी वीसेक वर्षं लागली. शांघायमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये झोंगझोंग आणि हुआहुआ ही दोन माकडं जगापुढे आणली, पण त्यांच्यासाठी वापरलेल्या पेशी गर्भावस्थेतल्या माकडाच्या होत्या. त्याच प्रयोगात प्रौढ माकडाच्या पेशीही वापरून पाहिल्या होत्या, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ४२ माकडिणींच्या गर्भाशयात भ्रूण सोडले, २२ जणींना दिवस राहिले, दोनच पिल्लं जन्मली आणि तीही लवकरच मेली. त्या ४२ माकडिणींच्या जागी बायका आहेत असं क्षणभर समजा. मला क्लोनिंगची भीती वाटते ती इथे. गुपचूप फिरणाऱ्या क्लोनांची मला भीती नाही. ज्यांच्या पोटात हे गर्भ वाढून पडतील त्या बायकांची काळजी वाटते, आणि श्वास घेता न येणाऱ्या बाळांची.

हे गर्भ का पडतात हेही आता बरंचसं कळलं आहे. कातडीच्या किंवा स्तनाच्या पेशीतल्या जनुकांवर ‘हे चालू, ते बंद’ अशा रासायनिक खुणा असतात. बीजांडाला त्या थोड्या तासांत पुसून पुन्हा सुरुवात करायची असते, आणि त्या पुरत्या पुसल्या जात नाहीत. बहुतेकदा वारच, म्हणजे गर्भाला आईच्या शरीरातून पोषण देणारा अवयवच, नीट तयार होत नाही. २०२० मध्ये जन्मलेला रेट्रो हा रीसस माकड जगला, कारण क्लोन भ्रूणाचा वार तयार करणारा बाहेरचा थर काढून त्या जागी साध्या भ्रूणाचा थर बसवला होता. तरीही ११ भ्रूण सोडून तो एकटाच जन्मला.

‘२००२ मध्ये सिद्ध झालं.’ त्या वर्षी २७ डिसेंबरला अमेरिकेत एक पत्रकार परिषद झाली. मानवजात परग्रहवासीयांनी घडवली असं मानणाऱ्या रेलियन पंथाशी जोडलेल्या क्लोनेड कंपनीच्या ब्रिजिट ब्वासेलिए यांनी सांगितलं की ‘ईव्ह’ नावाची क्लोन मुलगी जन्मली आहे. हे तपासायला आई आणि मुलगी दोघींच्या गालाच्या आतून एकेक कापसाचा बोळा फिरवला असता तरी पुरलं असतं. ती चाचणी कधीच झाली नाही. मुलगी कुणी पाहिली नाही, आईही पाहिली नाही. याला सिद्ध होणं म्हणत नाहीत.

सगळं दडवून ठेवता येतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांचं प्रकरण आठवावं. त्यांनी २००४ आणि २००५ मध्ये मानवी क्लोन भ्रूणांपासून मूलपेशी, म्हणजे शरीरातल्या कुठल्याही प्रकारच्या पेशी घडू शकतील अशा पेशी, मिळवल्याचे शोधनिबंध छापले. ते राष्ट्राचे लाडके शास्त्रज्ञ होते, सरकार पाठीशी होतं. तरी जानेवारी २००६ मध्ये दोन्ही निबंध मागे घेतले गेले, कारण मूलपेशी खोट्या निघाल्या. त्यांनी दोन हजारांहून जास्त मानवी बीजांडं वापरली होती, आणि बीजांडं देणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक मुली होत्या. बीजांडं काढायला रोज संप्रेरकांची इंजेक्शनं, मग बीजकोशात सुई. साहेबांपुढे त्या मुली नाही कसं म्हणणार होत्या? या प्रकरणातला खोटेपणा सगळ्यांच्या लक्षात राहिला. मला त्या मुली विसरता येत नाहीत.

मेसेजमध्ये खऱ्याचा एक कण आहे, तोही सांगायला हवा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये शुख्रात मितालिपोव्ह यांच्या गटाने मानवी क्लोन भ्रूण काही दिवस वाढवून त्यातून मूलपेशी खरोखर मिळवल्या. ते भ्रूण कुणाच्या गर्भाशयात सोडले नव्हते. उद्देश उपचारांचा होता.

‘नामांकितांच्या जागी क्लोन.’ क्लोन बाळ म्हणूनच जन्मतो. चाळिशीच्या माणसाचा क्लोन चाळिशीचा व्हायला चाळीस वर्षं लागतील. या दाव्यावर यापेक्षा जास्त लिहिण्याची गरज नाही.

‘आत्मा नसतो, म्हणून अवयव घ्या.’ हे वाक्य वाचून मला खरोखर संताप आला. एकसारखी जुळी निसर्गाने केलेले क्लोनच असतात. माझ्या वर्गात अशी जुळी बसली आहेत, आणि त्यांच्यातली कुणी कमी माणूस आहे असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. माणसाचा क्लोन कधी जन्मलाच, तर त्याला रडू येईल, ताप येईल, तो आई शोधेल. त्याच्या शरीरावर इतर कुणाचा हक्क नसेल. आणि उपचारांसाठी स्वतःच्याच जनुकांच्या मूलपेशी मिळवायला क्लोनची गरजही उरलेली नाही. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींना चार जनुकांच्या मदतीने मूलपेशींसारखं वळण दिलं. पुढच्याच वर्षी ते मानवी पेशींतही जमलं. त्याला बीजांड लागत नाही, भ्रूणही लागत नाही.

आणि विरोध फक्त धर्मवाल्यांचा? डॉली घडवणाऱ्या गटाचे प्रमुख इयन विल्मट यांनीच जीवशास्त्रज्ञ रुडॉल्फ येनिश यांच्यासोबत २००१ मध्ये ‘माणसांचं क्लोनिंग करू नका’ असं सायन्स नियतकालिकात लिहिलं. कारण त्यांनी प्राण्यांत पाहिलेलं होतं: मोठ्या आकाराचे गर्भ, बिघडलेली फुप्फुसं, जन्मताच होणारे मृत्यू. मार्च २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ८४ विरुद्ध ३४ मतांनी मानवी क्लोनिंगविरोधात ठराव केला, पण तो कुणावर बंधनकारक नाही. अमेरिकेत तर देशभर लागू होईल असा बंदीचा कायदा आजही नाही. काळजी करायची तर या फटीची करावी.

पहिल्या तिघांना उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. त्यांनाही आता हेच पाठवते आहे.