फोटो काढेपर्यंत पडदा आठवला नाही का?

काल थोरल्या जाऊबाईंना तपासणी न करताच परत पाठवलं. सरकारी दवाखान्यात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं शिबिर होतं. आशाताई तीन दिवस दारोदार सांगत फिरली. मी तर चार महिने जाऊबाईंच्या मागे लागले होते. शेवटी सोयाबीन खुरपायचा रोज बुडवून, जनावरं शेजारणीवर सोपवून, काळी-पिवळीत कोंबून घेऊन गेल्या बिचाऱ्या. नाव लिहिलं, बीपी मोजला, शुगर बघितली, बॅनरखाली उभं करून फोटो काढला. आणि दीड वाजता सांगतात, सिस्टर मीटिंगला गेल्या, खोलीला पडदा नाही, पुढच्या वेळी या! चाळीस बायका होत्या. लाज गिळून आलेल्या चाळीस बायका. त्यातली एक तरी पुन्हा येईल का?

लागतं काय या तपासणीला? टेबल, उजेड, स्पेक्युलम म्हणजे आत बघायचं साधन, आणि पातळ ॲसिटिक ॲसिड, व्हिनेगरमध्ये असतं तेच. लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का बघायचं. शिकवलेली सिस्टर हे करू शकते. हा कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात. एवढी सवड तो देतो, आणि आपण पडदा शोधत बसतो.

संताप याचा येतो की तपासणीनं जीव वाचतो हे जगाला दाखवून दिलं आपल्याच धाराशिवच्या बायकांनी. गावोगावच्या १,३१,७४६ जणी त्या अभ्यासात होत्या. २००९ साली निष्कर्ष छापून आला: एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, वेगळी चाचणी आयुष्यात एकदा झाली तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. पुरावा आमच्या अंगावर गोळा केला, आणि तपासणी अजून आमच्या दारात नाही. २०१६ पासून सरकारी कागद सांगतो, तिशीपुढच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी तपासणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरात तिशी ते पन्नाशीतल्या शंभरात दोघींचीही झालेली नव्हती.

मागच्या वर्षी शिबिर कधी ठेवलं? जानेवारीत! अर्धा तांडा ऊसतोडीला गेलेला.

आणि बीड आठवलं की डोकंच फिरतं. ऊसतोडीच्या हजारो बायकांच्या पिशव्या काढल्या. कितीजणींना हीच भीती घातली, ठेवली तर कॅन्सर होईल. तपासायला माणूस मिळत नाही, कापायला मात्र लगेच मिळतो.

पडद्याचंच अडलंय ना? माझी धडकी साडी फाडून, शिवून, दोरीसकट आणून देते. सिस्टर कोणत्या वारी, किती वाजता खोलीत असणार, तेवढं दारावर लिहून लावा.